गोळ्यांची अर्धी पट्टी घेऊन व्याख्यानाला जा

पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधून आईसाठी रक्तदाबाच्या पाच गोळ्या आणल्या. दहाची पट्टी कात्रीने मधोमध कापलेली. आईने चष्मा लावला, पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "यावर तारीख कुठेय गं?" तारीख दुकानात राहिलेल्या अर्ध्या भागावर होती. औषधाचं नावही अर्धंच आलं होतं. मेडिकलवाल्याने मागितल्या तेवढ्याच गोळ्या दिल्या, त्याचं काही चुकलं नाही. आईचं तर नाहीच. आपल्याकडे पट्ट्या रोज कापल्या जातात, पण ही पट्टी छापणाऱ्याने ती कापली जाईल हे धरलंच नव्हतं.

मी नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेलच्या डिझाइनचं काम करते. विद्यापीठांत, कॉलेजांत डिझाइनवर व्याख्यानं होतात, त्यांना बऱ्याच वर्षांपासून जाते. इंजिनिअरिंगची ऐकली, नर्सिंगची ऐकली, शेतीची आणि वास्तुकलेचीही ऐकली. कॉलेजातली मुलं विचारतात, "ताई, ह्यूमन सेंटर्ड डिझाइनबद्दल ऐकायला जायचंय, सुरुवात कुठून करू?" ह्यूमन सेंटर्ड डिझाइन म्हणजे वापरणाऱ्या माणसाला मध्यभागी ठेवून केलेली वस्तूची रचना. तेव्हा मी ही पट्टीच दाखवते. अशा व्याख्यानाला रिकाम्या हातांनी गेलं तर दीड तास छान जातो आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. सोबत एक अडलेली वस्तू नेली, की बोलणारा विमानाबद्दल बोलो वा ऑपरेशन थिएटरबद्दल, त्याचं बोलणं त्या वस्तूला येऊन चिकटतं.

पहिली पायरी: अडलेली वस्तू शोधा

व्याख्यानाच्या आठवडाभर आधी हे करा. घरातली किंवा कामावरची अशी एक वस्तू निवडा, जिच्यापाशी माणसं अडखळतात. हॉलमधला स्विचबोर्ड घ्या. एका रांगेत सहा-आठ सारखी बटणं असतात. घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणा, "जरा पंखा लावता का?" आधी ट्यूब लागते, मग बाहेरचा दिवा, मग चालू असलेला टीव्ही बंद होतो. शेवटी पाहुणेच ओशाळून म्हणतात, "माझ्या लक्षातच येत नाही हो."

त्यांचं हे ओशाळणं वहीत टिपून ठेवा. वस्तू फसते आणि माणूस स्वतःला दोष देतो, हे ज्याने एकदा नीट पाहिलं त्याला या विषयाचं दार उघडलं.

वहीत तीन ओळी पुरेत. कोण वापरत होतं, नेमकं कुठे अडलं, अडल्यावर त्याने काय केलं. उपाय मात्र लिहू नका. माझा अनुभव असा की उपाय सुचला की आपलं पाहणं तिथेच थांबतं.

दुसरी पायरी: पोस्टरवरचं नाव ओळखा

नवखी मुलं इथेच चुकतात. नोटीस बोर्डावर 'ह्यूमन सेंटर्ड डिझाइन' हेच शब्द शोधत राहतात आणि शेजारीच लागलेलं उत्तम व्याख्यान हातचं जातं. ही एकच गोष्ट प्रत्येक क्षेत्रात वेगळ्या नावाने वावरते. विमानवाले तिला 'ह्यूमन फॅक्टर्स' म्हणतात, डॉक्टर-नर्सेसच्या कार्यक्रमात ती 'पेशंट सेफ्टी' असते, कारखान्यात 'अर्गोनॉमिक्स' नाहीतर 'पोका-योके', सॉफ्टवेअरवाल्यांकडे 'यूएक्स', म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. वास्तुविशारद 'युनिव्हर्सल डिझाइन' म्हणतात, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशी रचना. हा शब्द रॉन मेस या अमेरिकन वास्तुविशारदाने रूढ केला. तो स्वतः व्हीलचेअर वापरायचा. या विचाराची सात तत्त्वं १९९७ मध्ये मांडली गेली. शेतीच्या कार्यक्रमात तर बहुधा 'सुधारित अवजारे' एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणूनच मी सांगते, निदान एक व्याख्यान आपल्या क्षेत्राबाहेरचं ऐका. एका कल्पनेने किती क्षेत्रं ओलांडली, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचं आहे.

१९३५ साली त्याचा पहिला नमुना चाचणीत कोसळला. शेपटीकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून जमिनीवर अडकवून ठेवायची सोय होती. उड्डाणाआधी ती सोडायची राहून गेली. वैमानिक अनुभवी होते. विमान चांगलं होतं, पण लक्षात ठेवायच्या गोष्टी एका माणसाच्या डोक्यात मावेनाशा झाल्या होत्या. त्यातून वैमानिकांची चेकलिस्ट आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच विमानांचा वेगळाच घोटाळा होऊ लागला. विमान सुखरूप उतरायचं आणि धावपट्टीवर असतानाच वैमानिक चाकं आत ओढून घ्यायचे. अल्फोन्स चपानीस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये पाहिलं, तर चाकांचा आणि पंखांवरच्या फ्लॅप्सचा (खाली-वर होणाऱ्या झडपांचा) खटका शेजारी शेजारी, दिसायला अगदी सारखे. दमलेला हात भलत्याच खटक्यावर पडत होता. चपानीसने चाकांच्या खटक्याला रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. डोळे मिटूनही हाताला कळावं म्हणून. आजही विमानात चाकांची दांडी चाकाच्याच आकाराची असते.

ती चेकलिस्ट पुढे दवाखान्यात पोचली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी दिली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी, अशी तीनदा थांबून ती मोठ्याने वाचायची. नर्सिंगच्या एका व्याख्यानात हे ऐकताना मी वहीच्या कडेला लिहिलं होतं, 'आपल्या पॅनेलचं टेस्टिंग?' आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर आज एक छोटी यादी चिकटवलेली आहे, ती त्या कडेच्या टिपणातून आली.

पोका-योके हा शब्द अंबड-सातपूरच्या शॉपफ्लोअरवर कुणालाही विचारा, माहीत असतो. त्याची जन्मकथा मात्र कमी जणांना ठाऊक असते. जपानमध्ये १९६१ च्या सुमारास शिगेओ शिंगो एका कारखान्यात गेले. तिथे एका छोट्या बटणात दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. "लक्ष द्या" असं सांगून काही उपयोग होत नव्हता. शिंगोंनी सुचवलं, आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून एका ताटलीत ठेवायच्या आणि मगच जोडणी करायची. ताटलीत स्प्रिंग उरली तर ती राहून गेली, हे लगेच दिसतं. अशा युक्त्यांना आधी 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. एका महिला कामगाराला तो शब्द फार लागला. शिंगोंनी नाव बदलून 'पोका-योके' केलं, म्हणजे चुकीपासून बचाव. एका शब्दाच्या त्या बदलात हा सगळा विषय आहे असं मला वाटतं. ताटली लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

तिसरी पायरी: नाशिकमध्ये कुठे शोधायचं

व्याख्यान ऐकायची सवय नाशिकला नव्याने लावावी लागत नाही. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली आहे. मे महिन्यात संध्याकाळी पटांगणावर बसून ऐकणारी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं इथे आहेत. विद्यापीठीय व्याख्यानं मात्र शोधून काढावी लागतात, त्यांची जाहिरात विभागाच्या भिंतीपलीकडे फारशी जात नाही.

आपल्या शहरात दोन राज्यस्तरीय विद्यापीठं आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ पासूनचं, आणि म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासूनचं. त्याशिवाय इंजिनिअरिंग, फार्मसी, वास्तुकला, कृषी अशी कॉलेजं गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत पसरली आहेत. वेबसाइटवर विसंबू नका. विभागाच्या कार्यालयात फोन करून सरळ विचारा, "येत्या महिन्यात गेस्ट लेक्चर आहे का, आणि बाहेरच्यांना बसता येईल का?" बहुतेक वेळा मागे बसायला कुणी नाही म्हणत नाही. ओळखपत्र सोबत ठेवा, गेटवर नोंद करावी लागते. मुक्त विद्यापीठ शहरापासून लांब आहे. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर परतीच्या सिटीलिंक बसची वेळ आधीच पाहून घ्या.

एकदा तरी पवईला जा. आयआयटी मुंबईत १९६९ साली औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं, सगळे त्याला आयडीसी म्हणतात. आपण ज्या मतदान यंत्राचं निळं बटण दाबतो, त्याच्या बाह्यरूपाचं डिझाइन तिथल्या प्राध्यापकांनी केलं. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने कल्याणला उतरायचं, धीम्या लोकलने कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा. दिवसभराची फेरी होते, पण तिथल्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं पाहिली की व्याख्यानातले शब्द हाताला लागतात.

घरबसल्या ऐकायचं तर स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'पीपल, कॉम्प्युटर्स अँड डिझाइन' ही जुनी व्याख्यानमाला आहे. टेरी विनोग्राड यांनी ती सुरू केली. तिथे वेगवेगळ्या क्षेत्रांतले लोक येऊन बोलतात आणि बरीच व्याख्यानं यूट्यूबवर मिळतात. आयडीसीचं 'डीसोर्स' हे संकेतस्थळ आणि एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातले डिझाइनचे कोर्स फुकट आहेत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर भारतीय प्राध्यापकांपासून सुरुवात करा, उदाहरणं ओळखीची असतात.

चौथी पायरी: ऐकताना काय पकडायचं

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे बोलणारा काय सांगतो ते, उजवीकडे 'हे मी कुठे पाहिलंय'. उजवी बाजू रिकामी राहायला लागली तर आपण नुसतं ऐकतोय, हे तिथल्या तिथे कळतं.

बोलणाऱ्याचे फोटो, व्हिडिओ, रंगीत वर्तुळं सगळं सुंदर असतं. त्यात वाहून न जाता तीन गोष्टींची वाट पाहा. यांनी कुणाला काम करताना पाहिलं? पाहिल्यामुळे यांचं कुठलं मत बदललं? आणि पहिला नमुना वापरायला दिला तेव्हा काय बिघडलं? आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं आयएसओ ९२४१-२१० हे मानक याच विषयावर आहे, २०१० मध्ये आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं. त्याचा गाभाही असाच आहे: वापराची परिस्थिती समजून घ्या, गरजा ठरवा, रचना करा, वापरणाऱ्यांसोबत तपासा आणि गरज पडली की मागे जा. ज्या व्याख्यानात मागे गेल्याची एकही गोष्ट येत नाही, तिथे मी सावध होते.

ऐकायचं कसं, ते आपल्याच गावाच्या उदाहरणावर करून पाहू. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. ज्या घरांतली माणसं गेली, त्यांच्यासाठी हा आकडा नाही. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याआधी २०१४ पासून 'कुंभथॉन' नावाने शिबिरं झाली. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर मूळचे नाशिकचे, त्यांनी यात पुढाकार घेतला. विद्यार्थी, डॉक्टर, पोलीस, पालिकेची माणसं एका टेबलाशी बसली. त्यातून निघालेली एक वस्तू होती 'आशिओतो'. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. रस्त्यावर आडवी अंथरायची एक चटई, आत दाब ओळखणारे सेन्सर. माणसं चालत गेली की पावलं मोजली जातात आणि कुठल्या वाटेने किती गर्दी सरकतेय ते कळतं. नाशिकच्याच तरुणांनी ती बनवली.

आता याच तऱ्हेने प्रश्न विचारून पाहा. चटईच का? कॅमेऱ्याने डोकी मोजता येतात, मोबाइलवरून माणसं मोजता येतात. पण इथे येणाऱ्या कित्येकांजवळ मोबाइल नसतो, असला तरी बंद पिशवीत असतो. चालणारा मात्र पाऊल टाकतोच, त्याला काहीही शिकवावं लागत नाही. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. अनवाणी पावलाचं आणि बुटाचं काय? डोक्यावर गाठोडं असलेल्या आजींचा पाय अडखळेल का? चिखल झाला, पाऊस आला तर? मोजलेला आकडा बंदोबस्तावरच्या शिपायापर्यंत किती वेळात पोचतो, आणि त्याने त्यावर काय करायचं? माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. आकडा कळणं आणि बॅरिकेड वेळेत उघडणं यांच्यामध्ये एक दमलेला माणूस उभा असतो, आणि डिझाइन त्याच्यासाठीही करावं लागतं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गर्दीवरचं कुठलंही व्याख्यान लागलं तर नाशिककरांनी सोडू नये.

आणखी एक गोष्ट ऐकताना धरून ठेवा: बोलणारा ज्या माणसासाठी बोलतोय तो बसतो कसा, जेवतो कसा, चालतो कसा. जयपूर फूट आठवा. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. तोवरचे कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेले, त्यांनी उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतात अनवाणी जाता येत नसे. रबराच्या त्या पावलाने माणसाला परत जमिनीवर, पंगतीत बसवलं.

पाचवी पायरी: प्रश्न विचारा, मराठीतच विचारा

"या क्षेत्रात स्कोप काय आहे?" हा प्रश्न चहाच्या वेळी विचारा, नक्की विचारा, पण सभागृहातली ती पाच मिनिटं त्यात घालवू नका. तिथे वहीतली वस्तू काढा.

शेतीच्या अवजारांवरचं एक व्याख्यान मला विसरता येत नाही. द्राक्षाच्या विरळणीसाठी केलेली नवी कात्री दाखवत होते. पकड मऊ, वजन कमी, पातं छान. दिंडोरीकडची एक मुलगी उभी राहिली, कृषी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असेल. म्हणाली, "सर, माझी आई विरळणीला जाते. मांडवाखाली घड डोक्याच्या वर असतात, दिवसभर हात वर करून काम असतं. ही कात्री हात वर धरून चालवून पाहिलीत का?" सर क्षणभर थांबले. मग त्यांनी कात्री उचलली, हात डोक्यावर नेला आणि तिथेच सगळ्यांसमोर आठ-दहा वेळा उघडमीट केली. मनगट वाकडं होतंय हे मागच्या रांगेतूनही दिसलं. "टेबलावर तपासली होती," ते म्हणाले, आणि कागद घेऊन लिहून ठेवलं. मोठ्या मनाचा माणूस. त्या मुलीने 'सर' सोडून एकही इंग्रजी शब्द वापरला नव्हता.

असाच प्रश्न तुमच्याजवळही असतो, कारण तुमच्या घरात, गल्लीत, मळ्यात कुणीतरी ते काम रोज करतं. सुचलं नाहीच, तर हे दोन कधी वाया जात नाहीत: "हे कुणाला वापरता येणार नाही?" आणि "वापरणाऱ्यांनी तुम्ही न सांगितलेलं काय केलं?"

सहावी पायरी: आठवड्याच्या आत अर्धा तास उभे राहा

ऐकलेलं मुरायचं तर एका जागी जाऊन पाहावं लागतं. सीबीएस बसस्थानकाची चौकशी खिडकी, देवळाबाहेरचा चप्पल स्टँड, लासलगावच्या आवारात लिलावाची वाट पाहणारी ट्रॅक्टरची रांग, काहीही चालेल. तिथल्या माणसांना सांगून उभे राहा, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. आणि मध्ये पडून कुणाला शिकवू नका, नाहीतर पाहायचं तेच संपतं.

मी एका बँकेत पासबुक छापायच्या यंत्राजवळ उभी राहिले होते. अर्ध्या तासात आलेल्या बहुतेक ज्येष्ठांनी पासबुक उलटं घातलं, नाहीतर भलतं पान उघडलं. बारकोड यंत्राला दिसेना, पासबुक बाहेर. दुसऱ्या वेळेला ते मागे वळून सुरक्षारक्षकाकडे पाहायचे. तो दादा उठून यायचा, पान उघडून द्यायचा आणि जाऊन बसायचा. पुढे पुढे तर लोक यंत्राकडे न जाता सरळ त्याच्याच हातात पासबुक देऊ लागले. यंत्राशेजारी असा मदतीचा माणूस दिसला की थांबा आणि त्याच्याशीच बोला. कुठे अडतं हे त्याला पाठ असतं, आणि यंत्र बसवताना त्याला बहुधा कुणी विचारलेलं नसतं.

जे दिसलं ते पानभरात लिहा आणि वक्त्याला पाठवा. ईमेल छोटा ठेवा: व्याख्यान कुठलं, मी काय पाहिलं, माझा एक प्रश्न. मला आलेली उत्तरं कधी दोन ओळींची होती, कधी महिन्याने आली. पण त्यातल्या दोघांशी ओळख आजवर टिकली आहे.

आईच्या गोळ्यांचं पुढे असं झालं. पट्टी कापण्याआधी मेडिकलवाला आता मला मागच्या बाजूचा फोटो काढू देतो, आणि कापलेल्या तुकड्यावर पेनाने तारीख घालून देतो. सकाळी चहाआधी आई दिवसभराच्या गोळ्या स्टीलच्या एका छोट्या वाटीत काढून ठेवते, शिंगोंच्या ताटलीसारख्या. वाटी देवघराशेजारी असते. रात्री दिवा मालवताना तिच्याकडे नजर जाते, आणि वाटीत गोळी उरली असेल तर दिसते.